मुंबई ते न्यूयॉर्क: 14 तास की 16?

गेल्या जानेवारीत आई पहिल्यांदाच एकटी माझ्याकडे न्यूयॉर्कला येत होती. मी पडलो इंजिनिअर, बाबांना छातीठोकपणे सांगून टाकलं: अंतर साधारण 12,500 किलोमीटर, वेग ताशी 900, म्हणजे 14 तास. 14 तास उलटले आणि बाबांचा फोन, "अरे, विमान कुठंय?" आवाज कापत होता त्यांचा.

चूक माझीच. ते अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेचं; विमान तंतोतंत त्या वाटेनं जात नाही. त्यात वर जेट स्ट्रीम, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला सुसाट वाहणारा वारा, हिवाळ्यात कधीकधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. मुंबईहून येताना तो समोरून, परतताना पाठीशी. म्हणून यायला 15-16 तास, परत जायला 14 च्या आसपास.

आई उतरली सोळाव्या तासाला. बाबा तोवर जागेच होते.