पाणमांजराच्या फोटोची हमी का देऊ नये



खाडीकाठच्या आपल्या काही बचत गटांनी पाहुण्यांना खारफुटीतून होडीने फिरवायला सुरुवात केल्यापासून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पाणमांजर दिसेल ना?" विचारणाऱ्याच्या गळ्यात हातभर लेन्सचा कॅमेरा असतो आणि परतीची गाडी दुपारची असते. अशा वेळी "हो हो, दिसेल" असं तोंडातून निघून जातं. ते का निघू नये, हे आज सांगते.

उदाहरण घेते गोव्यातल्या चोडण बेटाचं. गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका काकींकडे मी तिथे चार दिवस राहिले होते. चोडण हे मांडवी नदीतलं बेट. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीत बसायचं की पलीकडे चोडण. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १७८ हेक्टरचं, जवळजवळ सगळी खारफुटीच. बाकी बरंचसं खाजण. मातीचे बांध, आत भातशेती, आणि बांधात पाणी आत-बाहेर सोडायची दारं. त्यांना तिथे मानस म्हणतात. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून कोळंबी, मासळी पकडतात. जिथे मासळी, तिथे पाणमांजर.

नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचं काही नातं नाही. आपल्याकडे काही ठिकाणी त्याला ऊदही म्हणतात. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. खाडीत दिसते ती मऊ, गुळगुळीत केसांची, सात ते अकरा किलोपर्यंत भरणारी. बोटांमध्ये बदकासारखं कातडं आणि शेपूट चपटी. एकटं क्वचितच फिरतं, सगळं कुटुंब बरोबर असतं. कुटुंब आहे म्हणजे दिसायला सोपं, असं आपल्याला वाटतं. पण पाच जण म्हणजे पाहणारे डोळे दहा आणि वास घेणारी नाकं पाच. वारा आपल्या पाठीकडून त्यांच्याकडे जात असेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवावा. एकाने फुसकारा टाकला की पाचही पाण्याखाली.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. पाणी भरलेलं असताना ती खारफुटीच्या मुळांमध्ये शिरतात, तिथे पानं आणि सावल्या सोडून काही दिसत नाही. ओहोटीला चिखलाचा काठ उघडा पडतो, तेव्हा ती अंग घासायला, लोळायला, खायला वर येतात. म्हणजे काठ उघडा हवा आणि उजेडही हवा. हे दोन्ही एका वेळी जमणारे दिवस महिन्यात थोडेच. शहरातले पाहुणे मोबाईलवर तक्ता शोधतात. आपल्या कोकणातल्या आज्यांचा हिशेब तोंडावर असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे द्वितीया-तृतीयेला सकाळी पावणेआठ-साडेआठच्या सुमारास चिखल उघडा आणि ऊन कोवळं. अष्टमीला मात्र भर दुपारी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण शिंपल्या काढायला जाणाऱ्या बाईला तो आपल्या खाडीपुरता बरोबर माहीत असतो.

आता उजेड. ओलं पाणमांजर काळपट तपकिरी, चिखल काळपट, पाणी चकाकतं. कॅमेरा चकाकीला भुलतो आणि जनावराच्या जागी काळा ठिपका येतो. फोनने तर ते पाण्यावर तरंगणाऱ्या नारळासारखं दिसतं. काकींच्या घरी उतरलेल्या एका फोटोग्राफरने मला तीन दिवसांचे फोटो दाखवले. त्यात पाण्यावरची वर्तुळंच जास्त होती, म्हणजे नुकतंच बुडी मारून गेलेलं पाणमांजर!

मग काहीजण म्हणतात, झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधू. तो अंगाच्या उष्णतेवर चालतो. समोरून आजूबाजूपेक्षा गरम काही हललं की फोटो निघतो. पण पाणमांजराच्या आतल्या दाट केसांत हवा अडकून राहते आणि अंगाची ऊब बाहेर येतच नाही. पाण्यातून नुकतंच वर आलेलं जनावर त्या कॅमेऱ्याला थंडच वाटतं आणि समोरून निघून गेलं तरी त्याची नोंद होत नाही. उलट उन्हाने तापलेली फांदी वाऱ्याने हलली की फोटोच फोटो. शिवाय उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते न बघता बांधलेला कॅमेरा गेलाच समजा. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय असा कॅमेरा लावताच येत नाही.

हीच जात सिंगापूर बेटावरही आहे. तिथल्या नद्या घाण झाल्यामुळे ती नाहीशी झाली होती. नद्या साफ झाल्यावर १९९०च्या दशकाच्या शेवटी परत आली. आज तिथल्या बागांमधून, रस्त्यांवरून ही कुटुंबं भर गर्दीत चालत जातात आणि लोक चहा पीत फोटो काढतात. जनावर तेच, मग आपल्याकडे एवढं बुजरं का? आपल्याकडे कातड्यासाठी त्यांची शिकार होत आली. १९७२च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, तरी माणसाचा वास त्यांच्या लेखी धोक्याचाच. जाळं फाटलं की पहिली शिवी त्यांनाच मिळते, दगडही बसतो. आणि जाळं फाटल्याचं नुकसान खोटं नाही. काकींचे यजमान मानशीवर जाळं लावतात. त्यांच्यासमोर मी पाणमांजराचं कौतुक जपूनच करत होते.

तिसऱ्या दिवशी काकी मला बांधावर घेऊन गेल्या आणि एका दगडाजवळ थांबल्या. दगडावर काळपट विष्ठा, तिच्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे. पाणमांजरांचं कुटुंब ठरलेल्या जागीच शौचाला येतं. ओली असली तर आजची, पांढरट सुकलेली असली तर जुनी. "ही सकाळचीच आहे," त्या म्हणाल्या आणि वाऱ्याची दिशा बघून पलीकडच्या वळणावर बसायला सांगितलं. दीड तास बसलो, डास फोडून खात होते. मग पाणी चढायला लागलं आणि समोरच्या काठावर पाच जणं वर आली. दोन मोठी, तीन लहान. एकाच्या तोंडातला मासा दुसऱ्याने ओढला, तिसरं चिखलावरून पोटावर घसरत गेलं. माझ्या फोनमध्ये चार डोकी आणि एक शेपूट आली. मला तेवढा फोटो पुष्कळ वाटला. तीन पिल्लं आहेत हे काकींनाही त्या दिवशीच कळलं. त्यांनी ते वहीत तिथीसकट लिहून ठेवलं.

मैत्रिणींनो, त्या सकाळी जे मिळालं ते काकींच्या माहितीमुळे मिळालं. पाहुण्याने पैसे द्यायचे तर त्या माहितीचे आणि वेळेचे. दर्शनाचे पैसे ठरवले की काय होतं बघा. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या की तिसऱ्या वेळी होडीवाला इंजिन चालू ठेवून बिळापर्यंत जातो, नाहीतर मासे टाकून बोलावतो. काठावरच्या मुळांखाली बीळ असतं, आत पिल्लं असतात. सारखा त्रास झाला तर मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. मग त्या वळणावर फोटो नाही, पाहुणा नाही आणि गटाचं उत्पन्नही नाही. माशांची चटक लागलेली जनावरं तर जाळ्यांवर जास्तच येतील, आणि भांडण आपल्याच घरात होईल.

म्हणून बुकिंगचा फोन आला की आधी तिथी बघा आणि ओहोटीची वेळ सांगा. एका सकाळीऐवजी दोन मुक्काम सुचवा. जेवणाचे, होडीचे आणि वाट दाखवणाऱ्या बाईचे पैसे वेगवेगळे सांगा, पाणमांजर दिसो वा न दिसो. बीळ माहीत असलं तरी तिकडे होडी नेऊ नका. फोटो इंटरनेटवर टाकताना गावाचं नाव लिहा, वळणाचं लिहू नका. आणि वही ठेवा: तारीख, तिथी, किती मोठी, किती लहान. जाळं फाटलं तर तेही त्याच वहीत लिहा.