सुईच्या छिद्रातून कागदावर

सूर्यग्रहणाच्या वेळी कडुनिंबाखाली उभे राहिले, की जमिनीवर असंख्य चंद्रकोरी दिसतात. पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याचे चित्र खाली पाडत असते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात अशाच एका छिद्रातून गोपुराची उलटी सावली भिंतीवर उतरते. शाळेत आपण खोका आणि तेलकट कागद घेऊन हेच पाहतो आणि तिथेच थांबतो. थांबू नये. तेलकट कागदाच्या जागी फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर लावला, की त्या खोक्याचा कॅमेरा होतो.

न्हावऱ्यासारख्या गावाला हा कॅमेरा शोभतो, कारण त्याला लागते ते मुख्यतः ऊन. पत्र्याचा डबा आतून काळा रंगवायचा. शीतपेयाच्या कॅनचा तुकडा सुईने टोचून कडा पॉलिश पेपरने घासायच्या. छिद्रापासून कागद 10 सेंटिमीटरवर असेल, तर छिद्र साधारण 0.4 मिलिमीटरचे हवे. मोठे झाले तर चित्र धूसर होते. फार बारीक केले तरी प्रकाश कडांवर पसरतो आणि चित्र पुन्हा धूसरच. कागद फिल्मपेक्षा कितीतरी मंद असतो, म्हणून भर उन्हातही छिद्र पाऊण मिनिट उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात घोडगंगा साखर कारखान्याची चिमणी ठामपणे उमटते. समोरून उसाची गाडी गेली तर तिचा मागमूसही राहत नाही.

कागद लाल दिव्यात हाताळता येतो, आणि याच गुणामुळे मुलांना हे तंत्र शिकवणे सोपे जाते: डेव्हलपरमध्ये चित्र वर येताना त्यांना डोळ्यांनी दिसते. मात्र लाल रंग कागदाला जवळजवळ दिसतच नाही, निळा फार दिसतो. त्यामुळे अखेरच्या चित्रात आकाश कोरे पांढरे येते, तांबडी कौले काळवंडतात. दुपारच्या कडक उन्हात हा भेद आणखी वाढतो. सकाळचे कोवळे ऊन बरे. चित्र पक्के करणाऱ्या हायपोतून काढून, धुऊन वाळवलेली निगेटिव्ह (काळे-पांढरे उलटलेले चित्र) नव्या कागदावर तोंडाला तोंड लावून ठेवायची, वर काच दाबायची आणि क्षणभर पांढरा दिवा लावायचा. सरळ चित्र तयार.

आपल्याकडच्या छायाचित्रणाची सुरुवातीची काही पावलेही कागदावरच पडली. ब्रिटिश संशोधक टॅल्बट यांनी 1841 मध्ये कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी कॅप्टन बिग्ज यांच्याकडे मुंबई इलाख्यातल्या वास्तूंचे चित्रण सोपवले गेले. विजापूर, ऐहोळे, बदामी त्यांनी कागदी निगेटिव्हवर टिपली. त्यांच्याकडे भिंग होते, पण कागदाचा मंदपणा आणि उन्हाशी झुंज तीच.

या डब्याचा मला सर्वांत आवडणारा उपयोग वेगळाच आहे. तो दक्षिणेकडे तोंड करून गच्चीच्या कठड्याला महिनोन्‌महिने बांधून ठेवायचा. सूर्याच्या रोजच्या वाटेची एकेक रेघ कागदावर जळत जाते. हा कागद डेव्हलपरमध्ये घालायचा नाही, थेट स्कॅन करायचा. युरोपात असा डबा हिवाळ्यापासून भर उन्हाळ्यापर्यंत ठेवतात. न्हावऱ्यात तसे करून चालणार नाही: मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत माध्यान्ही उत्तरेलाच असतो. इथे डबा 22 डिसेंबरला बांधावा आणि सूर्य फार वर चढण्याआधी, मार्चअखेर उतरवावा.