विश्लेषण : पॅराथायरॉइड शस्त्रक्रियेनंतर घरचे पहिले दिवस का महत्त्वाचे?

वारंवार मुतखडा, हाडदुखी, न जाणारा थकवा आणि रक्तात वाढलेले कॅल्शियम. अशा वेळी डॉक्टर पॅराथायरॉइड संप्रेरकाची, म्हणजे पीटीएचची तपासणी सांगतात. दोष ग्रंथीत असेल, तर तो मुळापासून दूर करण्याचा उपाय शस्त्रक्रिया हाच.

थायरॉइडशी संबंध काय?

शेजारापुरता. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या सहसा चार ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखतात. त्यातली बहुधा एकच वाढते आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढत राहते. ही गाठ क्वचितच कर्करोगाची असते.

शस्त्रक्रिया कशी होते?

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनने गाठीची जागा आधी शोधतात. मग पूर्ण भूल देऊन गळ्यावरील छोट्या छेदातून ती काढतात. पीटीएच रक्तातून काही मिनिटांतच कमी होते. त्यामुळे सोय असेल तेथे गाठ काढल्यावर १० मिनिटांनी पुन्हा रक्त तपासतात. पातळी निम्म्याहून खाली आली की काम फत्ते. स्वरयंत्राची नस जवळच असल्याने आवाज काही दिवस घोगरा होऊ शकतो.

घरी कशावर लक्ष ठेवावे?

अनेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण कॅल्शियम सर्वात खाली जाते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. उपाशी हाडे आता रक्तातले कॅल्शियम भराभर शोषतात. हाडे आधीच खूप झिजली असतील किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल, तर धोका अधिक. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येणे ही पहिली खूण. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून ती अंगावर काढू नये, लगेच डॉक्टरांना कळवावे. हातपाय वाकडे होऊन आखडले किंवा झटका आला, तर थेट रुग्णालय गाठावे. गळा सुजून श्वास कोंडू लागला, तर क्षणही दवडू नये.

मुतखड्याचे जुने रुग्ण कॅल्शियमच्या गोळीला बिचकतात आणि ती परस्पर बंद करतात. या दिवसांत हे महागात पडते; नुसत्या दुधाने ही तूट भरत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर दोन्हींत चार तासांचे अंतर हवे.

पूर्ण बरे कधी?

सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम प्रमाणात असेल, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. हाडांची घनता त्यापुढेही वर्ष-दोन वर्षे सुधारत राहते. आधीचे खडे मात्र आपोआप विरघळत नाहीत. त्यांचा उपचार वेगळा करावा लागतो.