विश्लेषण : झाडलेले काडतूस घरी पुन्हा भरणे परवडते का? चंद्रपूर-गडचिरोलीत उत्तर काय?

अमेरिकेतील अनेक नेमबाज पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या फेकून देत नाहीत. घरच्या टेबलावर छोटे यंत्र लावून त्या पुन्हा भरतात आणि वापरतात. त्याचे व्हिडीओ मोबाइलवर सहज सापडतात. आपल्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असणाऱ्याला काडतुसांचे दर पाहून साहजिकच वाटते, आपणही का करू नये? चंद्रपूर, गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तिथे दर बाराला हातानेच भरावी लागणारी बंदूक आजही आहे, ती म्हणजे भरमार.

पैसे कुठे वाचतात?

काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन भाग संपतात, पुंगळी उरते. तीच सहसा सर्वात महाग, म्हणून ती पुन्हा वापरली की खर्च घटतो. अमेरिकेत बाकीचे तीन भाग दुकानात सुटे मिळतात.

पण खरा हिशेब संख्येचा आहे. समजा, यंत्र आणि साधनांना ५० हजार रुपये लागले आणि दर काडतुसामागे ५० रुपये वाचले. वर्षाला पाच हजार गोळ्या झाडणाऱ्याचे पैसे अडीच महिन्यांत वसूल होतात. वर्षाला २५ झाडणाऱ्याला ४० वर्षे लागतील. आपल्याकडे स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेतलेला माणूस या दुसऱ्या गटातलाच. त्याच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील, याची मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी गणित जुळत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. रिकाम्या पुंगळीत नवी कॅप, दारू आणि गोळी बसवणे हेही ‘बनवणे’च, असे धरून चालण्यात शहाणपण आहे. कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. २५ काडतुसांवर वाचणाऱ्या साडेबाराशे रुपयांसाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही.

चूक झाली तर?

.३२ ऑटो हे तुलनेने सौम्य काडतूस. तरी त्यातील दाबाची अमेरिकी मानक मर्यादा २०,५०० पीएसआय आहे. कारच्या टायरमध्ये ३० ते ३५ असतो, म्हणजे हा सुमारे ६०० पट. दारू दुप्पट पडली तर शस्त्र हातातच फुटू शकते. कमी पडली तर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फाटते. हाच धोका जास्त फसवा, कारण पहिला बार नुसताच ‘फुस्स’ झाल्यासारखा वाटतो.

चंद्रपूर जिल्ह्यातच, भद्रावतीला, दारूगोळा भरणारी आयुध निर्माणी आहे. प्रशिक्षित हात आणि ठरलेली शिस्त असूनही हे काम किती जोखमीचे, ते २४ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या निर्माणीतील स्फोटाने दाखवले. त्यात कामगारांचे जीव गेले.

मग भरमारचे काय?

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. तिला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, बाहेर कॅप लावायची. थोडक्यात, ‘घरी भरणे’ हाच तिचा स्वभाव. कायद्यालाही ही बंदूक ठाऊक आहे : कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. धानात रानडुकरांचा कळप शिरला तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ खालील परवानगीशिवाय प्राण्यावर बार टाकता येत नाही. परवानगीने झालेली शिकारही वादात सापडते. जून २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. राज्यांनी मागणी केल्यावरच परवानगी दिली जाते, असे उत्तर त्यांच्याच सरकारमधील पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी दिले. रात्र जागून काढणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती उरते ती वन विभागाच्या पंचनाम्यानंतरची नुकसानभरपाई.

गडचिरोलीत भरमारला दुसरीही ओळख आहे. चकमकींनंतर नक्षलवाद्यांकडून जप्त होणाऱ्या शस्त्रांत ती वारंवार दिसते. त्यामुळे विनापरवाना बंदुका जमा करा, असे आवाहन पोलीस गावोगावी करतात आणि लोक त्या आणूनही देतात. आजोबांच्या काळची बंदूक आढ्याला लटकलेली असेल आणि परवाना ज्याच्या नावे होता तो हयात नसेल, तर कलम २१ नुसार वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. सोबत उरलेली दारू, कॅप किंवा जुनी काडतुसे असतील तर ती उघडून पाहू नयेत. आधी पोलीस ठाण्याला कळवावे आणि ती कशी आणायची, ते विचारावे.