शिकागोचा सूर्यास्त

धान्याच्या अडतीत आयुष्य गेलेल्या माणसाने शिकागोत काय पाहिले असेल? तेथील १८४८ साली स्थापन झालेली धान्यपेठ पाहिली. तेथे प्रत ठरली की अनेकांचा गहू एकाच कोठारात ओततात. दाणा तळहातावर घेतल्यावाचून सौदा न करणाऱ्या मला ते पटण्यास वेळ लागला. परंतु खरा धक्का घरातच बसला.

चिरंजीवांनी रात्रिभोजनत्याग सोडला असावा, या शंकेने मी गेलो होतो. उपदेशाचे चार बोलही योजून ठेवले होते. आपल्या बेळगावात सूर्यास्त बारा महिने सहा-सातच्या सुमारास. तेथे तो जूनमध्ये साडेआठला, तर डिसेंबरात सव्वाचारनंतर लगेच! त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. मला याची वार्ता नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी एकटाच होतो. थंडीमुळे जाड पडदे ओढलेले. नित्याप्रमाणे सव्वापाचला पानावर बसलो. हात धुऊन पडदा सारला, तो रस्त्यावर दिवे लागलेले! इतक्या वर्षांचा नेम मोडला होता, आणि तो माझाच.

चिरंजीव रात्री परतले. हातातला डबा रिकामा होता. कचेरीतच चारच्या सुमारास ते जेवून घेतात. हिवाळाभर हाच क्रम, असे सूनबाईंकडून कळले. योजलेले बोल तसेच राहिले. मी घडले ते सांगितले.

“अण्णा,” तो म्हणाला, “पहिल्या वर्षी माझेही असेच झाले होते.”