आयर्विनला किती?

पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की खुशाली नंतर, आधी प्रश्न एकच: "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. सध्या कृष्णेवरच्याच आलमट्टी धरणाची उंची 519.6 वरून 524.256 मीटर करण्याचा विषय पुन्हा तापलाय, त्यामुळे सगळ्यांच्या माना कर्नाटकाकडे वळल्यात. त्या भांडणात शिरण्याआधी जरा हरिपूरला जाऊन येऊ. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, वारणा कृष्णेला मिळते तिथे.

संगम म्हटलं की होड्यांची ये-जा आणि घाटावर उतरणारा माल डोळ्यांपुढे येतो. ते चित्र गंगेकडचं. आपल्या देशावरच्या नद्या वैशाखात गुडघाभर आणि श्रावणात अंगावर येणाऱ्या. त्यांच्या पाण्यावरून व्यापार काय होणार? तो झाला त्यांच्या काठाकाठाने. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेला वळतात. कोयनेचं खोरं धरून पाटण, हेळवाक करत गेलं की कुंभार्ली घाट, खाली चिपळूण आणि वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ बंदर. मीठ-मासळी घेऊन वर चढणाऱ्या बैलांना कराड चुकवून जाणं अवघडच. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर 'करहकट' निगमाने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. अभ्यासक ते कराडच मानतात, आणि निगम म्हणजे व्यापारी पेठ. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या संगमावरच्या पेठेकडे दानधर्माला पुरेल इतका पैसा होता.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नरसोबाची वाडी निराळी. तिथे पेठ चालते दत्ताच्या नावाने. बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. पुराचं पाणी देवळात एका दाराने शिरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडलं की वाडीत स्नानाचा सोहळा. वर सांगलीत त्याच पाण्यासाठी बोटी काढाव्या लागतात!

हरिपूरची गोष्ट मात्र पाण्याची नाही, मातीची. नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची इथली जमीन इतकी घट्ट की खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत आणि ओल आत झिरपत नाही. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी तिच्यात हळदीची पेवं खणली. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं सुटलेलं. आतून पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. भाव पडलेला असेल तर माल वर्षानुवर्षं तसाच, ना कीड ना बुरशी. पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा निघून जाऊ द्यायची, मग कंदील सोडून पाहायचा. तो विझला नाही तरच हमाल आत. पीकपाण्याशी संबंध नसलेली माणसंही आज कशाकशाचं 'पेव फुटलं' म्हणतात, ते हेच पेव. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ झाली, त्यात या थंड कोठारांचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा आहे, असं माझं मत.

त्या मातीला हरवलं पाण्यानेच. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद सडली, आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर अनेक पेवं बुजलीही होती.

आता पुन्हा आलमट्टीकडे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या धरणावर ठपका ठेवला नव्हता. म्हणून उंची वाढवू द्यावी, असं मी म्हणत नाही; पण उंचीविरोधातल्या मोर्चाला एकच खलनायक लागतो आणि नद्या तर इथे जोडीने येतात. आयर्विन पूल संगमाच्या वरच्या अंगाला आहे. खाली हरिपुरात वारणा तुडुंब आली की कृष्णेचं पाणी पुढे सरत नाही, मागे तुंबतं आणि पुलाखाली फूट चढत जातात. म्हणून यंदा आयर्विनचा आकडा विचाराल, तेव्हा कोयनेबरोबर वारणेवरच्या चांदोली धरणातून किती पाणी सोडलंय, तेही विचारा.