प्रतीची प्रत

येवल्यात एका विणकराच्या घरी आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन पैठणीचा माग पाहण्यास गेलो होतो. माग पाहून झाल्यावर घरातील आजोबांनी फडताळातून एक जुनी कॅसेट काढून लावली. तिच्यावर निळ्या शाईने एवढेच लिहिले होते : 'केसरबाई. मैफल.' आधी बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग तिच्यामागून, पलीकडच्या खोलीतून यावा तसा, एक घुमारदार आवाज आला.

"आजोबा, ही कुठल्या कंपनीची?" एका मुलीने विचारले.

"कंपनीची कसली, बाळ! कुणीतरी मैफलीत टेप केलं. त्याच्यावरून दुसऱ्यानं उतरवून घेतलं, त्याच्याकडून माझ्या मित्रानं आणि मित्राकडून मी."

"मग ही खरखर मैफलीत होती का?"

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर शोधताना बरेच विज्ञान हाती लागते.

चोरून टिपलेले गाणे

परवानगीशिवाय केलेल्या अशा मुद्रणाला इंग्रजीत 'बूटलेग' म्हणतात. लांब बुटात दारूची बाटली लपवून नेत, त्यावरून हा शब्द आला. याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ९ नोव्हेंबर १९६९ रोजी ओकलंड येथे 'रोलिंग स्टोन्स' या रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. एका श्रोत्याने लांब नळीचा मायक्रोफोन आणि सहज नेता येणारा टेपरेकॉर्डर वापरून तो टिपला. अशा नळीला कडेने फटी असतात. बाजूचा आवाज निरनिराळ्या फटींतून मागेपुढे आत शिरतो आणि त्याच्या लहरी परस्परांना बऱ्याच अंशी मारतात. समोरचा आवाज मात्र एकत्र पोहोचतो. त्यामुळे गर्दीतही रंगमंचावरचे गाणे स्पष्ट मिळाले. ही तबकडी इतकी खपली की तिची बरीच चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, त्याच दौऱ्यातील गाण्यांची अधिकृत तबकडीही निघाली.

आपल्याकडे केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची गोष्ट वेगळी आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई अल्लादियाखाँ यांच्या शिष्या. ध्वनिमुद्रणाबाबत त्या फार काटेकोर होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. त्यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही अशीच छोटी तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. परंतु एकेक राग सावकाश उलगडणारी त्यांची मैफल त्या तबकडीत मावणे शक्य नव्हते. तिची चुणूक आज मिळते ती मुख्यतः रसिकांच्या खासगी टेपांवरून.

खरखर येते कोठून?

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडसारख्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कणांचा थर. आवाजाच्या चढउतारांप्रमाणे हे कण कमी-अधिक चुंबकित होतात. मात्र कण सुटे सुटे असल्याने कोऱ्या टेपवरही त्यांचा थोडा अनियमित आवाज असतोच. तीच खरखर.

आता टेपवरून टेप उतरवली, की यंत्राला गाणे कोणते आणि खरखर कोणती हे कळत नाही. ते दोन्ही उतरवते, वर नव्या टेपची खरखर मिसळते. प्रत्येक टेपची खरखर सारखी धरली, तर आजोबांच्या चौथ्या टेपवर तिची शक्ती चौपट, म्हणजे ६ डेसिबलने जास्त होईल.

शिवाय बारीक स्वरही झिजतात. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. सेकंदाला १०,००० कंपनांचा स्वर घेतला, तर त्याच्या एका लहरीला पट्टीवर जेमतेम ४.७६ मायक्रोमीटर जागा मिळते. हेड किंचित तिरके असले तरी अशी लहर पुसट होते. यंत्राचा वेग चुकला तर सूरही ढळतो. वेग ६ टक्के वाढला, तर काळी एकमध्ये गाणारी व्यक्ती जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येते!

विणकराची युक्ती

मग प्रत न बिघडता काढताच येणार नाही का? याचे उत्तर त्याच घरातील मागावर होते. पदरावरचा मोर विणकर नुसत्या नजरेच्या अंदाजाने काढत नाही, तो ताण्याचे धागे मोजतो. इतक्या धाग्यांवर हिरवा, पुढच्या इतक्यांवर लाल. मोजणी चुकली नाही, तर दहाव्या पैठणीवरचा मोर पहिल्यासारखाच उतरतो.

डिजिटल मुद्रण हेच करते. सीडीसाठी आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. पुढे उतरवायचे ते आकडे. आकडा नीट वाचला गेला की प्रत आणि मूळ यांत फरक उरत नाही. मात्र जागा वाचवण्यासाठी आकडे गाळणारी पद्धत वापरली, जशी मोबाइलवर गाणी पाठवताना पुष्कळदा वापरली जाते, तर पुन्हा पुन्हा तसे केल्याने आवाज बिघडतोच. आणि टेपवर जे आधीच गेले, ते आकड्यांतही परत येत नाही.

वर्गात करून पाहा

दहा विद्यार्थ्यांच्या दोन रांगा करा. पहिल्या रांगेत प्रत्येकाने फक्त आपल्या आधीच्याचे चित्र पाहून मोर काढावा. दुसऱ्या रांगेत आलेख-कागदावरचा मोर चौकोन मोजून उतरवावा. दोन्ही रांगांतील पहिले आणि दहावे चित्र फळ्यावर शेजारी लावा. वेगळे सांगावे लागणार नाही.

हक्क कोणाचा?

गाणाऱ्याला नको असताना गाणे टिपावे का, यावर वर्गात अवश्य वाद घडवा. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलाकारांचे हक्क आले. संमतीवाचून मैफल मुद्रित करणे हा त्या हक्कांचा भंग ठरतो. खासगी उपयोगासाठी, अथवा केवळ अध्यापन-संशोधनासाठी प्रामाणिकपणे केलेल्या मुद्रणास सवलत आहे. टेप विकणे मात्र या सवलतीत बसत नाही.

पण वाद चालू असताना टेप थांबत नाही. तिचा थर सुटतो, पट्टी चिकटते, ती वाजवणारी यंत्रेही घरोघरी मोडीत निघाली आहेत. आपल्या गावातही आजीच्या ओव्या, एखादे कीर्तन, एखाद्या शाहिराचा आवाज अशा कॅसेटवर असेल. हेड पुसून घ्या, शक्यतो सर्वांत आधीची प्रत शोधा, ती एकदाच नीट वाजवून आकड्यांत उतरवा. कोण गाते, कोठे, कधी, हे लिहून ठेवा आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नका.

आजोबांच्या मित्राकडची टेप आता आम्ही शोधत आहोत. ती मिळाली, तर निदान एक थर खरखर कमी होईल.